दाताचं इम्प्लांट: पहिल्या तपासणीपासून पक्क्या दातापर्यंत काय काय होतं

कोल्हापुरात आमच्या दवाखान्यात इम्प्लांटची चौकशी करायला येणारा माणूस दोन प्रश्न हमखास विचारतो: पैसे किती लागतील आणि दात किती दिवसांत बसेल? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण दोन्हींची उत्तरं तुमच्या जबड्याच्या हाडावर ठरतात. ‘खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी’ हे तालमीत ठीक, हाडाच्या कामात चालत नाही. एकच दात बसवायचा असला तरी पहिल्या तपासणीपासून शेवटच्या कॅपपर्यंत चार ते सात महिने धरून चाला. हाड भरावं लागलं तर आठ-दहा महिने, कधी वर्षसुद्धा. हे सुरुवातीलाच माहीत असलं की मधल्या काळात जीव कासावीस होत नाही आणि ‘तीन दिवसांत पक्के दात’ ही जाहिरात दिसली की काय विचारायचं तेही कळतं.

तोंडात नेमकं काय बसतं

तीन वेगवेगळे भाग असतात. पहिला, हाडात जाणारा टायटॅनियमचा स्क्रू. तो साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर जाड आणि आठ ते तेरा मिलिमीटर लांब असतो. खरं इम्प्लांट ते हेच. त्याच्यावर हिरडीतून वर येणारा जोड, त्याला अबटमेंट म्हणतात. आणि सगळ्यात वर दिसणारी कॅप, म्हणजे आपला दात.

टायटॅनियमच का? स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५० च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह अभ्यासत होते. त्यासाठी हाडात बसवलेला टायटॅनियमचा भाग प्रयोग संपल्यावर काढायला गेले, तर निघेना. हाड त्याला घट्ट चिकटलं होतं. १९६५ साली त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले आणि लार्सन २००६ मध्ये वारले तोवर, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ, त्यांचा वापर चालू होता. आज जे काही केलं जातं ते याच एका गोष्टीवर उभं आहे: हाडाने धातूला धरायचं. डॉक्टर फक्त स्क्रू बसवतो, धरायचं काम तुमचं शरीर करतं.

आधी ठरवा, इम्प्लांटच हवं का

शेजारचे दोन्ही दात आधीच खूप किडलेले, रूट कॅनल झालेले असतील आणि त्यांना कॅपा लागणारच असतील, तर ब्रिज, म्हणजे शेजारच्या दोन दातांच्या कॅपांना जोडून मधला दात बसवणं, हा सरळ आणि लवकर होणारा पर्याय आहे. शेजारचे दात धडधाकट असतील तर मात्र एका पडलेल्या दातासाठी दोन चांगले दात घासून बारीक करणं मला पटत नाही. तिथे इम्प्लांटच योग्य.

सगळेच दात गेलेल्या आजी-आजोबांची गोष्ट वेगळी. वरची कवळी टाळूला धरून बरी बसते, खालची मात्र जिभेच्या प्रत्येक हालचालीला उचलते. अशा वेळी खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट बसवून त्यांच्यावर खटका लावलेली कवळी करता येते. रात्री ती काढून धुता येते. पूर्ण पक्क्या दातांपेक्षा खर्च कितीतरी कमी आणि भाकरी चावण्यातला फरक पहिल्या आठवड्यात कळतो. हा पर्याय कुणी सांगितला नसेल तर तुम्ही स्वतःहून विचारा.

अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना इम्प्लांट बसवत नाहीत. जबडा वाढत असतो, इम्प्लांट जागचं हलत नाही आणि दात मागे राहून गेल्यासारखा दिसतो. तोवर तात्पुरता काढता-घालता दात वापरायचा.

पहिली भेट: काय सांगायचं, काय न्यायचं

घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप एका पिशवीत घालून घेऊन या. ‘बीपीची पांढरी गोळी’ एवढ्यावरून डॉक्टरला काही कळत नाही.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने दातासाठी अशी गोळी परस्पर थांबवणं जिवावर बेतू शकतं. दंतवैद्य आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांनी बोलून ते ठरवायचं असतं. हृदयाची झडप बदललेली असेल तर तेही आधी सांगा, अँटिबायोटिकचा डोस आधी द्यावा लागतो.

हाडं ठिसूळ झाल्यावर देतात त्या औषधांबद्दल बहुतेक जण सांगायचंच विसरतात. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून मिळणारं इंजेक्शन असतं, त्यामुळे ते ‘चालू औषध’ वाटत नाही. पण या औषधांवर असताना जबड्यात शस्त्रक्रिया झाली, तर क्वचित हाड भरून न येता उघडं पडतं. गुडघे-कंबरेसाठी आईला ‘हाडाचं इंजेक्शन’ दिलंय का, हे घरच्यांनी आठवून सांगायला हवं.

मधुमेह असला म्हणून इम्प्लांट होत नाही, असं नाही. साखर ताब्यात हवी. एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, सातच्या आसपास असेल तर सहसा अडचण येत नाही. नऊ-दहा असेल तर आधी साखर आणि मग दात, हा क्रम मी तरी कुणासाठी बदलत नाही.

आणि तंबाखू. आपल्या भागात याविषयी स्पष्ट बोलायला लागतं, कारण विडी-सिगारेट ओढणारा पुरुष ते कबूल करतो, पण मिसरी कुणी तंबाखूत मोजतच नाही. भुदरगडकडच्या एका आजींना विचारलं तर म्हणाल्या, “तंबाखू न्हाई खात बाळा, सकाळ-संध्याकाळ नुसती मिसरी लावतीया.” मिसरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच, आणि ती तर बरोब्बर हिरडीवर चोळली जाते, जिथे आपल्याला टाके भरून यायला हवेत. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम रेंगाळते आणि इम्प्लांट हाडाने न धरण्याचा धोका वाढतो. निदान आठवडाभर आधीपासून आणि नंतर दोन महिने पूर्ण बंद ठेवा. त्या आजींनी सुनेलाच डबी लपवून ठेवायला सांगितली आणि पुढे परत मागितली नाही.

मावा-गुटखा-सुपारीचा आणखी एक त्रास आहे. वर्षानुवर्षं खाल्ल्याने गाल आतून कडक होतात आणि तोंड उघडणं कमी होतं. घरीच बघा: तुमची स्वतःची तीन बोटं उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का? जात नसतील तर मागच्या दाढेपाशी मशीन आणि ड्रिल मिळून आत जायला जागाच उरत नाही. अशा तोंडात इम्प्लांटच्याही आधी गालाची तपासणी करून घ्या, कारण हा आजार पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो.

हे सगळं झालं की सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन. नेहमीचा ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, चपटं चित्र देतो, त्यात हाडाची रुंदी दिसत नाही. सीबीसीटीमध्ये हाडाचे पातळ काप दिसतात. खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी नस कुठून जाते, वर सायनसची पोकळी किती खाली आली आहे, हे मोजता येतं. नसेपासून किमान दोन मिलिमीटर अंतर सोडायचं असतं. स्कॅन न करताच ‘करून टाकू’ म्हणणाऱ्याकडे मी माझ्या घरच्या माणसाला पाठवणार नाही. डॉक्टरांना स्क्रीनवर ते काप दाखवायला सांगा, नस कुठे आणि स्क्रू कुठे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.

दाढ काढून बरीच वर्षं झाली असतील तर तिथलं हाड झिजलेलं असतं. सगळ्यात जास्त झीज पहिल्या वर्षातच होते. मग हाडाची भुकटी भरावी लागते, वरच्या मागच्या दाढांसाठी कधी सायनसचा पडदा हलकेच वर उचलावा लागतो. ही भुकटी गायीच्या किंवा डुकराच्या हाडावर प्रक्रिया करून केलेली असू शकते, किंवा कृत्रिम. ज्यांना श्रद्धेमुळे किंवा आहारामुळे फरक पडतो त्यांनी आधी विचारावं, कृत्रिम पर्याय मिळतात. दाढ आता काढायचीच असेल, तर काढायच्या दिवशीच इम्प्लांटचा विषय काढा. खड्डा तेव्हाच नीट भरून घेतला तर पुढचं बरंच काम वाचतं.

पैशाचं बोलणं

एका दाताचा, कॅपसकट, खर्च साधारण २५ ते ५० हजार रुपयांच्या घरात येतो. हाड भरणं आणि स्कॅन वेगळे. कुणी फारच कमी आकडा सांगितला तर तो फक्त स्क्रूचा आहे का, ते विचारा. कागदावर पाच गोष्टींचे वेगळे आकडे मागा: स्क्रू, अबटमेंट, कॅप, हाड भरणं, स्कॅन. इम्प्लांट हाडाने धरलं नाही तर पुन्हा बसवायचे पैसे लागतील का, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.

कंपनीवरून किंमत बदलते. स्विस, कोरियन, इस्रायली, भारतीय, सगळे मिळतात. मी महागाच्या बाजूने बोलत नाही, पण दहा वर्षांनी आतला बारीक स्क्रू तुटला तर त्याच कंपनीचा त्याच मापाचा भाग मिळाला पाहिजे. म्हणून नाव माहीत असलेली, बाजारात टिकलेली कंपनी बरी.

एकरकमी झेपत नसेल तर नवे पारगावचं तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे, सांगलीतही दंत महाविद्यालयं आहेत. तिथे खर्च साधारणपणे कमी येतो, फेऱ्या जास्त होतात आणि वेळ जास्त लागतो. शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. मेडिक्लेमवर फार भरवसा ठेवू नका. बऱ्याच पॉलिसींमध्ये अपघात सोडला तर दाताचे उपचार बसत नाहीत. डॉक्टर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदलेले आहेत ना, एवढं बघून घ्या. नोंदणी क्रमांक विचारण्यात अपमान कसला?

शस्त्रक्रियेचा दिवस

उपाशी येऊ नका. भूल फक्त तेवढ्या जागेला दिली जाते, त्यामुळे पोट रिकामं ठेवायची गरज नसते. उलट रिकाम्या पोटी चक्कर येते. नेहमीच्या बीपी-शुगरच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेऊन, पोटभर नाश्ता करून या. नवरात्राच्या उपवासात शक्यतो तारीख घेऊ नका. वेदनाशामक गोळ्या उपाशी पोटी झेपत नाहीत आणि साबुदाण्याच्या खिचडीतल्या दाण्यांचं कूट टाक्यांत अडकतं. गगनबावडा, शाहूवाडीकडून येणाऱ्यांनी सोबत कुणीतरी आणावं आणि परत जाताना मोटारसायकल स्वतः चालवू नये.

दुखतं ते इंजेक्शन देताना. मग ओठ आणि गाल जड होतात. त्यानंतर जे जाणवतं ते दाब, थरथर आणि आवाज. आवाज हाडातून थेट कानात जात असल्याने मोठा वाटतो, बाहेर तो तेवढा नसतो. हिरडी थोडी उघडून आधी दोन मिलिमीटर जाडीच्या ड्रिलने वाट करतात, मग एकेक जाड ड्रिल. किडलेला दात कोरायचं मशीन मिनिटाला लाखांच्या घरात फेरे घेतं, हे हजाराच्या आसपास. मुद्दामच. हाड ४७ अंशांच्या वर मिनिटभर तापलं तरी तिथल्या पेशी मरतात आणि मेलेलं हाड स्क्रूला धरत नाही. म्हणून गार सलाइनची धार सतत चालू असते आणि तोंडात पाणी साचून घुसमटल्यासारखं होतं. डावा हात वर करा, सहायक पाणी ओढून घेईल. घाबरून मान हलवू नका.

शेवटी स्क्रू हळूहळू फिरवत बसवतात. किती जोर लागला ते पान्यावर दिसतं. साधारण ३५ न्यूटन-सेंटीमीटर मिळाले तर पकड चांगली. वर झाकण लावून टाके घालतात. एका इम्प्लांटला हे सगळं धरून पाऊण-एक तास पुरतो. बरेच जण उठताना म्हणतात, दाढ काढताना याच्यापेक्षा जास्त त्रास झाला होता.

निघण्याआधी एक कार्ड मागून घ्या. स्क्रूच्या डबीवर कंपनीचं नाव, जाडी, लांबी आणि लॉट क्रमांक छापलेलं स्टिकर असतं, ते त्यावर चिकटवून मिळतं. मागितलं नाही तर कधी कधी ते कचऱ्यात जातं.

पहिला आठवडा

पहिल्या दिवशी बाहेरून गालावर बर्फ, दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, तेवढाच वेळ काढायचा. चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही, रक्ताची गाठ निघून येते. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने, तोंडात धरून सोडून द्यायचं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, गालावर निळसर डागही येऊ शकतो. ते बिघडल्याचं लक्षण नव्हे. तिसऱ्या दिवसानंतर मात्र उतरणीला लागलं पाहिजे.

खाण्याचं काय? पहिले दोन दिवस गार किंवा कोमट: ताक, नाचणीची आंबील, मऊ दूधभात, केळं, पातळ मुगाची खिचडी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मऊ वरणभात, दुधात कुस्करलेली चपाती, उकडून मऊ केलेला बटाटा. तांबडा रस्सा आणि मिसळीचा कट टाके निघेपर्यंत नाही. पांढरा रस्सा कोमट करून, मिरी कमी घालून, चौथ्या दिवसानंतर चालेल, मटणाचे तुकडे दुसऱ्या बाजूने. भडंग पूर्ण बंद, त्याचे कण आणि दाण्याची टरफलं टाक्यांत जाऊन बसतात.

तालमीत किंवा जिममध्ये जाणाऱ्यांनी आठ-दहा दिवस जोर-बैठका, वजन, खाली वाकायची कामं टाळा. रक्तदाब वाढला की जखम पुन्हा वाहायला लागते. टाके सात ते दहा दिवसांनी काढतात.

ताबडतोब फोन करायचा तो कधी? भूल उतरायला हवी होती त्या वेळेनंतरही ओठ-हनुवटी बधिर राहिली तर त्याच दिवशी, दुसऱ्या दिवसाची वाट न बघता. नसेवर दाब आला असेल तर स्क्रू लवकर मागे घेण्याला किंवा काढण्याला महत्त्व असतं. कापूस अर्धा तास दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, तिसऱ्या दिवसानंतर दुखणं आणि सूज वाढत असेल, ताप किंवा पू असेल, गिळताना त्रास होत असेल, तरीही तसंच.

मधले महिने

दोन आठवड्यांत सगळं शांत होतं आणि पेशंट निर्धास्त होतो. नेमकी तेव्हाच जपायची वेळ असते. सुरुवातीची पकड ही नुसती स्क्रूची, लाकडात खिळा बसावा तशी. पुढच्या काही आठवड्यांत कडेचं जुनं हाड विरघळतं आणि नवं हाड अजून पुरतं तयार झालेलं नसतं, त्यामुळे साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पकड सगळ्यात कमी असते. दुखत मात्र काहीच नाही. मग कुणी त्या बाजूने ऊस सोलून खातं, कुणी सुकं मटण चावतं. खालच्या जबड्यात तीन-चार महिने, वर हाड भुसभुशीत असल्याने चार ते सहा महिने, त्या जागेवर जोर द्यायचा नाही.

पुढचा दात असेल तर या काळात तात्पुरता दात मिळतो, लग्नकार्यात तोंड लपवायला लागत नाही. त्याने चावायचं मात्र नाही, तो दिसण्यापुरता.

आता त्या ‘तीन दिवसांत दात’बद्दल. काही पेशंटमध्ये, विशेषतः पूर्ण जबड्यात अनेक इम्प्लांट एकमेकांना बांधून, लगेच दात बसवता येतात, ते शास्त्रात आहे. पण सगळ्यांना ते लागू होत नाही. विचारा: माझी पकड किती मिळेल असा अंदाज आहे, ती कमी पडली तर पर्याय काय, आणि पाच वर्षांनी एखादं इम्प्लांट निकामी झालं तर सगळं काढावं लागेल का? उत्तर नीट मिळालं तर पुढे जा.

कॅप बसवताना

हिरडीतून जोड वर आणतात, दोन-तीन आठवड्यांनी माप किंवा तोंडातून स्कॅन घेतात आणि लॅबमधून कॅप येते. कॅप स्क्रूने बसवलेली असली तर पुढे काढून साफ करता येते, म्हणून शक्य तिथे मी तीच निवडते. सिमेंटने चिकटवली असेल तर जादा सिमेंट हिरडीखाली राहिलं नाही ना, हे एक्स-रेत बघायला सांगा. तिथे राहिलेलं सिमेंट पुढे हिरडी सुजवतं.

खऱ्या दाताच्या मुळाभोवती गादीसारखा पातळ पडदा असतो, त्यामुळे भातातला बारीक खडाही कळतो. इम्प्लांटला तो नसतो. कॅप उंच लागत असली तरी तुम्हाला लगेच कळेलच असं नाही. निळा कागद चावून बघणं डॉक्टर दोन-तीनदा करतील, कंटाळू नका. रात्री दात खाण्याची सवय असेल तर झोपताना घालायचं गार्ड करून घ्या.

पुढची वर्षं

इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड आजारी पडू शकतं आणि ते सुरुवातीला दुखत नाही. ब्रश करताना त्या जागी रक्त येणं हीच पहिली खूण. दिवसातून दोनदा मऊ ब्रश आणि कॅपच्या कडेने जाणारा छोटा बाटलीच्या ब्रशासारखा इंटरडेंटल ब्रश. मापाने मिळतो, कुठला घ्यायचा ते दवाखान्यात बसवून बघा. दर सहा महिन्यांनी तपासणी, वर्षाने एक एक्स-रे. कॅप हलतेय असं वाटलं तर बऱ्याचदा आतला छोटा स्क्रू सैल झालेला असतो, अर्ध्या तासात घट्ट होतो. पण तशीच वापरत राहिलात तर तो तुटतो आणि मग काम वाढतं.

एमआरआय करायची वेळ आली तर इम्प्लांट असल्याचं तिथे सांगा. टायटॅनियम चुंबकाला ओढलं जात नाही, त्यामुळे सहसा अडत नाही. खटक्याच्या कवळीत चुंबक असतील तर ती काढून ठेवावी लागते, आणि जबड्यात बसवलेल्या भागात चुंबक असेल तर तेही आधीच सांगा. स्टिकरचं ते कार्ड फाइलमध्ये ठेवा आणि एक फोटो मुलांच्या मोबाइलवरही पाठवून ठेवा, पुण्याला किंवा बंगळूरला राहायला गेलात तर तिथल्या डॉक्टरला नेमका कुठल्या मापाचा पाना लागेल ते त्यावरूनच कळतं.